माळेतली सात कडी

४ ऑक्टोबर १९९८, रविवार

प्रिय सालोमेया वहिनीस,

मिकेलिसचा नमस्कार. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. योविताला आणि जावईबापूंना माझी आठवण सांग, छोटीचा एक पापा घे. इकडे मी बरा आहे. खोकला आहे, पण तो दर ऑक्टोबरात असतोच.

तुझ्या घराच्या छपराची खाडीकडची बाजू मी ऑगस्टमध्येच नव्या बोरूने शाकारून घेतली, त्यामुळे काळजी करू नकोस. सफरचंदं यंदा किडकी निघाली. ब्रीम मासे मात्र चांगले मिळाले. धुरी देऊन कागदात बांधलेत, मंगळवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो. पानेवेझिसच्या स्टँडवर कुणालातरी पाठव, नाहीतर गेल्या वेळेसारखे तोच खाऊन टाकेल. क्रिस्तुपासचा गुडघा आता पार गेला. पक्षी-केंद्रावरच्या मोठ्या जाळ्यांपर्यंत तो काठी टेकत जातो आणि वाटेत भेटेल त्याला शिव्या देतो. सत्त्याहत्तर वर्षांचा झाला, पण पक्ष्याच्या पायात कडं घालताना हात अजून हलत नाही.

आता तुझ्या त्या कागदाबद्दल.

पोलंडमधल्या कुणा शाळामास्तराने गडान्स्कजवळच्या किनाऱ्यावर एक हंस पाहिला. दुर्बिणीतून त्याच्या पायातल्या कड्याचा नंबर वाचला आणि कळवला. मुख्य कचेरीतल्या आपल्या लोकांनी रजिस्टर उघडलं तर ते कडं दादाच्या नावावर निघालं. मग 'नोंद मिळालेली नाही, कृपया पाठवावी' असं छापील वाक्य, खाली शिक्का, आणि कागद दादाच्या पत्त्यावर, म्हणजे तुझ्याकडे. कारकुनाला काय माहीत की हा माणूस साडेचार वर्षांपूर्वी बर्फावर गेला तो परत आला नाही.

तू लिहितेस की त्या रविवारी कड्यांची जी नवी माळ घेऊन दादा गेला, तिच्यातलंच हे कडं. आणि हंस तर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेला. म्हणजे ते कडं गेल्या वर्षभरातच कुणीतरी घातलंय. म्हणजे दादा कुठेतरी आहे.

वहिनी, तीस वर्षं तू आमच्यासारख्या पक्षीवेड्या माणसांत काढलीस. तुला मी काय सांगायचं? तीनाचा आठ होतो, एकाचा सात होतो. हंसाच्या पायाला चिखल असतो, कड्यावर शेवाळ चढतं. शाळामास्तर हौशी माणूस, रविवारी बायकोपोरांना घेऊन किनाऱ्यावर गेलेला, वाऱ्याने डोळ्यांत पाणी. त्याने काय वाचलं आणि काय लिहिलं ते देव जाणे. वयाचंही तसंच. तपकिरी पिसं म्हणजे लहान हंस असं आपण म्हणतो, पण मळलेला म्हातारा हंसही लांबून तपकिरीच दिसतो. असल्या कागदावर विसंबून माणसाने प्रवासाला निघायचं नसतं. आपण दोघांनी मिळून दादाला आता निरोप द्यायला हवा. त्या माळेतली उरलेली सात कडी दादाबरोबर खाडीच्या तळाशी आहेत, आणि तिथेच राहणार आहेत.

योविता म्हणते तो कोर्टाचा कागद सही करून टाक. ती काही बापाची वैरीण नाही. मृत्यूचा दाखला झाला की तुलाही झोप लागेल.

मी क्रिस्तुपासशी बोलतो. केंद्राला काय कळवायचं ते आम्ही कळवू. तू तो कागद माझ्याकडे पाठवून दे आणि डोक्यातून काढून टाक.

तुझा दीर,
मिकेलिस


१४ ऑक्टोबर

सालोमेया वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. फोटोही मिळाला. ब्रीम पोचले का, ते तू लिहिलंच नाहीस.

फोटो स्पष्ट आहे, हे मी मान्य करतो. शाळामास्तराचा कॅमेरा चांगला आहे. नंबर बरोबर आहे आणि पक्षी लहानच आहे, चोच अजून राखाडी आहे. ह्यात मी वाद घालत नाही. झालं समाधान?

पण सात आणि दहा यावरून तू जे लिहिलंस ते मला अजिबात आवडलं नाही. 'भावोजी, माळ दहाची होती. क्रिस्तुपासने आदल्या संध्याकाळी दहा कडी मोजून दिली, पोलिसांनाही तेच सांगितलं. मग तुम्ही सात कुठून आणली?' हे काय विचारणं झालं? पोलिसांच्या वर झालीस तू. सात काय नि दहा काय! त्या दिवशी सकाळपासून दादाने दोन-तीन हंस तरी पकडले असतील, असा आपला माझा अंदाज. तीस वर्षं मी त्याच्याबरोबर बर्फावर जात होतो. रविवारी दुपारपर्यंत किती होतात हे मला माहीत नसणार? मी त्या दिवशी इंजिनाच्या सामानासाठी शिलुतेला गेलो होतो, हे तुला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

कडं कसं आलं म्हणशील, तर मला वाटतं ते एखाद्या कोळ्याच्या जाळ्यात आलं असेल. खाडीत काय काय मिळतं. माळ सापडली, कुणा टवाळाने गंमत म्हणून हंसाच्या पायात चढवलं. आपल्या गावात टवाळांना तोटा नाही. त्यांनीच नाही का ती हानोव्हरच्या बाईची गोष्ट पसरवली? ती बाई आपल्या आजीचं घर बघायला आली होती. दादाने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिला दोन दिवस वाट दाखवली, आणि दुकानातल्या बायकांनी थेट दोघांचा संसार मांडून दिला. तू गाव सोडलंस ते त्यांच्यामुळे. आणि आता तूच लिहितेस, 'तिच्याबरोबर असेल तर असू दे, फक्त जिवंत असू दे.' हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन लाकडं फोडत बसलो.

दादासाठी स्वेटर विणलास ते ठीक. तो मला दे किंवा जावईबापूंना दे. त्याचा जुना चष्मा मात्र घेऊन जाऊ नकोस. इतक्या वर्षांत माणसाचा नंबर बदलतो. हे मी काय लिहितोय मलाच कळत नाही.

कुठेही जाऊ नकोस. इकडेही येऊ नकोस, रस्ता खराब आहे. मी लिहीन.

मिकेलिस


२४ ऑक्टोबर १९९८, शनिवार

वहिनी,

योविताचा काल बंदराच्या कचेरीत फोन आला. म्हणाली, आईने दोन तारखेचं गडान्स्कचं तिकीट काढलंय, कुणाचं ऐकत नाही, काका, तुमचंच काय ते ऐकेल. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. माझ्या तोंडून तिथे काही निघालं नाही. कचेरीत चार माणसं होती, पण ते कारण नाही. एकटा असतो तरी निघालं नसतं. म्हणून हे पत्र. उद्याच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, तो घरी आणून देईल. हे पत्र बसून वाच. योविता घरी असताना वाच.

तिकीट परत कर. तो हंस दादाने सोडलेला नाही. मी सोडला. या वर्षी वीस फेब्रुवारीला, आपल्याच बंदरात, मासे उतरवतात त्या धक्क्याखाली. पाव खायला आला आणि मी त्याला धरला.

कडं माझ्याकडे होतं, कारण माळ माझ्याकडे होती. पहिल्या दिवसापासून.

तुला आठवत असेल, हंस म्हणजे दोन माणसांचं काम. एकाने पंख दाबून गुडघ्यांत धरायचा, दुसऱ्याने माळेतून कडं काढून द्यायचं, नंबर मोठ्याने वाचायचा आणि वहीत लिहायचा. दादा एकट्याने करू शकायचा, कॅनव्हासच्या पिशवीत बांधून, पण त्याने कधी केलं नाही. 'एकट्याने वाचलेला नंबर चुकतो,' म्हणायचा. शाळेतही तो तसाच होता, प्रयोग दोघादोघांनी करायला लावायचा. तो एकटाच गेला असं मी सांगितलं तेव्हा हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पोलिसांच्या येणं शक्य नव्हतं. क्रिस्तुपासच्या आलं असावं, पण मी त्याला धाकट्या भावासारखा. आणि तू योविताच्या बाळंतपणाला पानेवेझिसला होतीस, सकाळी आमच्यासाठी डबा बांधायला घरात कुणी नव्हतं. तू असतीस तर मला हे खोटं बोलताच आलं नसतं.

मी शिलुतेला गेलो नव्हतो. मी दादाबरोबर होतो.

आम्ही उजाडल्यावर निघालो. जागा केंद्राजवळच्या टोकाची नव्हती. नदीच्या मुखाशी जुनं पंपघर आहे, त्याच्यासमोर जे पाणी गोठत नाही, तिथे गेलो. थंडी छान होती, वारा नव्हता. दादा फार खुशीत होता. आदल्या रात्री तुझा निरोप आला होता ना, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तो वाटेत नावं शोधत होता. दर वीस पावलांवर एक नाव. मी प्रत्येक नावाला नाक मुरडत होतो. तीन हंस आम्ही पटापट उरकले. तिसरा मी धरला, दादाने कडं घातलं. म्हणून सात उरली. ह्या सातावर तू बोट ठेवलंस आणि मी दहा दिवस तुझ्यावरच चिडत राहिलो.

मग तो चौथा आला. मोठा नर, चोचीभोवती गळाची दोरी आवळलेली, अगदी उघड्या पाण्याच्या काठावर बसलेला. असा हंस आठ-दहा दिवसांत उपाशी मरतो. दादा थांबला, त्याने हंस ओढायच्या लांब आकडीच्या दांड्याने बर्फ ठोकून बघितला आणि म्हणाला, "इथला बर्फ पांढरा आहे रे, कच्चा. खालून नदीची ओढ आहे. राहू दे, उद्या होडी घेऊन येऊ."

मी म्हणालो, "उद्यापर्यंत तो मरेल."

"मरेल. पण तू-मी नाही मरणार."

"आजोबा झालास काय, पायच लटपटायला लागले तुझे! आण ती आकडी इकडे, मी जातो. तू घरी जाऊन शेगडीपाशी बस आणि पाळण्याची दोरी ओढ."

मी हे हसत म्हणालो, वहिनी. आमचं आयुष्यभर असंच चालायचं, तुला माहीत आहे. तोही हसला. म्हणाला, "तुझ्या हातात आकडी दिली तर हंसाऐवजी तू मला ओढशील." माळ आणि वही त्याने माझ्या खिशात कोंबली आणि तो निघाला. पोटावर झोपून सरकत गेला, नीट, जसं क्रिस्तुपासने आम्हा दोघांना शिकवलं तसं. आकडी त्या पक्ष्याच्या मानेपर्यंत पोचलीसुद्धा होती.

बर्फ फुटला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. हंस उडाला. दादा छातीपर्यंत पाण्यात होता आणि आकडी अजून त्याच्या हातात होती. मी सरपटत गेलो. त्याने आकडीचं टोक माझ्याकडे केलं, मी धरलं, ओढलं. थोडा वर आला. मग माझ्या कोपराखालचा बर्फ खचला आणि बाहीत पाणी शिरलं. तो पाण्यातून मला सांगत होता, "पाय पसर, मिकेलिस. पसरून झोप. घाई नको." शाळेतल्यासारखं.

मी आकडी सोडली. ती निसटली नाही, मी सोडली.

तो लगेच गेला. त्याला फार त्रास झाला नाही.

मग मी घरी आलो. काठाच्या बोरूच्या दाटीतून, कुणाला दिसू नये म्हणून. कपडे बदलले, सायकल काढली, शिलुतेचा रस्ता धरला आणि अर्ध्यातून परत फिरलो, सगळ्यांना वाटेत भेटत भेटत. अंधार पडायच्या सुमारास मीच ओरडत गेलो की दादा अजून आला नाही. कुठे शोधायचं म्हणून लोकांनी विचारलं, तेव्हा मी केंद्राजवळचं टोक दाखवलं. पंपघरापासून सहा किलोमीटर लांब. तीन दिवस चाळीस माणसं तिथे बर्फ फोडत होती. मीही फोडत होतो. माझ्या तळहातांना फोड आले आणि तू पानेवेझिसहून आलीस तेव्हा ते फोड बघून रडलीस. माझे हात हातात घेतलेस. चौथ्या दिवशी वारा फिरला, बर्फ सुटला आणि शोध थांबवावा लागला. त्याचं शरीर तुला मिळालं नाही ते खाडीमुळे नाही, माझ्यामुळे.

वही मी त्याच रात्री शेगडीत घातली. माळ जळेना. हंसाची कडी पोलादी असतात. मग खाडीत टाकावी म्हणून धक्क्यावर गेलो आणि टाकता आली नाही. हे तुला कसं सांगू? दुसरा कुणी असता तर त्याने एका झटक्यात फेकली असती. पण मी सोळाव्या वर्षापासून हे काम करतोय. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की कडं हरवायचं नाही, वाकलं तरी परत आणायचं, कारण प्रत्येक नंबरापुढे रजिस्टरमध्ये एक ओळ आखलेली असते आणि ती भरेपर्यंत रिकामी राहते. भाऊ पाण्यात सोडून आलेला माणूस मी, आणि माझ्या हातून सात कडी पाण्यात पडेनात. स्वतःचीच किळस आली, पण माळ परत खिशात घालून घरी आलो.

ती परतही करता येत नव्हती. मग पुढच्या वर्षी त्याच तारखेला मी बंदरात एक हंस धरला आणि त्यातलं एक कडं त्याच्या पायात घातलं. नोंद केली नाही. दर वर्षी एक. पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. कधीतरी पकडलं जावं म्हणून मी हे केलं, असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. कुणी वाचणार नाही अशी माझी खात्री होती. मला एवढंच वाटायचं की कडं पक्ष्याच्या पायात गेलं म्हणजे ते वाया गेलं नाही. हंसाच्या वयाचा विचारसुद्धा मनात आला नाही. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि हा जो लहान हंस समोर आला तोच धरला, कारण तो माणसाला भीत नव्हता.

असे चार हंस फिरतायत, वहिनी. नंबर मी वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात घातलेत. हंस वीस-वीस वर्षं जगतो. उद्या डेन्मार्कमधून कागद येईल, परवा कुठून आणखी. तुझ्या दारात पोस्टमन येईल तेव्हा तो कागद काढून बघ आणि समज, हा मिकेलिसचा. दादाचा नाही. त्यातला एकही दादाचा नाही.

गुरुवारी क्रिस्तुपास आला होता. केंद्राचा फॉर्म त्याच्या हातात होता. माझ्या टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसला. कडं घालणाऱ्याचं नाव, ती जागा रिकामी होती. म्हणाला, "भर. मी थांबतो."

मी म्हणालो, "मला काय ठाऊक?"

"मिकेलिस, त्या फोटोत कडं कसं बसवलंय ते मी बघितलं. दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट भिडवून वरून पुन्हा एकदा पक्कड दाबलीय. तसं फक्त तू दाबतोस. हजारदा सांगितलं तुला की नको दाबू."

मी माझं नाव लिहिलं. तारीख लिहिली, जागा लिहिली. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकदम भडकला. "माझ्या हाताखाली शिकलास आणि नोंद न करता कडं घातलंस? लाज नाही वाटली?" एवढं बोलून झाल्यावर मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की माळ माझ्याकडे होती म्हणजे काय. त्याचा चेहरा मी बघत होतो. मग त्याने विचारलं, "सालोमेयाला तू सांगतोस की मी सांगू?"

"मी."

"आणि पोलिसांना?"

"तिच्या नंतर."

तो उठला. दारापर्यंत मी त्याला हात द्यायला गेलो, तर त्याने काठीने माझा हात बाजूला केला.

गाव सोडेपर्यंत तू मला दर रविवारी जेवायला बोलावलंस. बटाट्याचा कुगेल करायचीस आणि कडेचा खरपूस तुकडा मला वाढायचीस, कारण तो दादाला आवडायचा. तू माझे शर्ट धुतलेस. गाव सोडून जाताना बसच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, भावोजी, तुम्ही नसता तर मी वेडी झाले असते. मी तुझं छप्पर शाकारत राहिलो, मासे पाठवत राहिलो आणि बायका तुझ्या नवऱ्याबद्दल काय काय बोलतात ते ऐकत राहिलो. एका शब्दाने मी त्यांची तोंडं बंद करू शकलो असतो. तू बाजारातून मान खाली घालून जायचीस आणि मी मागून तुझी पिशवी उचलून चालायचो. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, तेवढी लाज मला आहे.

दोन तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतील. तू चार वर्षं दादासाठी लावली नाहीस. जिवंत माणसासाठी लावत नाहीत म्हणालीस. यंदा लाव. पंपघराच्या दाराशी उभं राहून समोर बघितलंस की पाण्यात दोन खुंट दिसतात, जुन्या धक्क्याचे. त्यांच्या डाव्या हाताला, साधारण चाळीस पावलांवर. तिथे.

वहिनी, इथवर लिहून मी पत्र घडी घातलं होतं. परत उघडलं.

वर मी लिहिलंय की तो लगेच गेला. ते खोटं आहे. पत्र लिहितानाही माझ्याकडून ते खोटं लिहिलं गेलं, अगदी सहज. आता खरं लिहितो. ते तुला कळलं पाहिजे, कारण ते तुझं आहे.

मी आकडी सोडली आणि मागे जाड बर्फावर आलो. तो बुडाला नव्हता. दोन्ही कोपरं बर्फावर टेकून तो धरून होता. मला म्हणाला, "ठीक आहे. घाबरू नकोस. पंपघरात दोर आहे, खुंटीवर. जा, आण." मी धावलो. दोर होता. खुंटीवरच होता, कोरडा, लांब, चांगला. मी तो काढला, खांद्यावर टाकला आणि दारापर्यंत आलो. आणि मग मी आत जाऊन बाकड्यावर बसलो.

मला त्या बर्फावर परत जायचं नव्हतं. एवढंच. दुसरं काहीही कारण नाही. मी खूप शोधलं.

दार उघडं होतं. तो हाका मारत होता. आधी मोठ्याने, "मिकेलिस, मिळाला का?" मग नुसतं माझं नाव. मी दोर मांडीवर घेऊन ऐकत होतो. पाव तास असेल, जास्त असेल. मग त्याने मला हाक मारायची सोडली. त्याला कळलं होतं, मी येणार नाही. त्याने माझं नाव परत घेतलं नाही. मग तो तुझ्याशी बोलायला लागला. हळू, पण हवा शांत होती, मला सगळं ऐकू आलं. साल्युते म्हणाला. घरात तुला हाक मारायचा तसं. थोडं थांबून परत साल्युते म्हणाला. मग म्हणाला, "तिचं नाव ओना ठेवा, तुझ्या आईचं." सकाळपासून शोधत होता ते नाव त्याला सापडलं होतं. दोनदा म्हणाला, म्हणजे कुणीतरी ऐकावं म्हणून. ऐकणारा मी होतो.

आणि तुम्ही तिचं नाव लॉरा ठेवलंत. बारशाला मी बसलो होतो, केक खाल्ला.

सोमवारी सकाळी मी शिलुतेच्या पोलीस ठाण्यात जातोय, या वेळी खरंच. तोवर घरी आहे.

तुझ्या नवऱ्याचं बोलणं इतकी वर्षं स्वतःपाशी ठेवलेला,
मिकेलिस